ज्याअर्थी संघ जिंकला आहे, त्याअर्थी... (कॉलेजच्या बेसबॉल संघाचा सत्कार संसदेने करावा का?)

क्लोव्हिसकर

मुलगा आठवीत आहे. नागरिकशास्त्राच्या बाईंनी गृहपाठ दिलाय : अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मांडतात तसा अभिनंदनाचा एक ठराव लिहून आणा. विषय आपापला निवडायचा. चिरंजीवांनी निवडला फ्रेस्नो स्टेटचा २००८ चा बेसबॉल संघ. दोष माझाच आहे, कारण घरात कोणीही कुठलाही सामना हरायला लागला की मी ती गोष्ट सांगायला बसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८ साली मी फ्रेस्नो स्टेटला एमएस करत होतो. बेसबॉलमधलं मला एवढंच कळायचं की चेंडू खाली पडू द्यायचा नाही. कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. चार-चार संघांचे १६ गट आणि गटात १ ते ४ मानांकन. आमचा संघ चौथ्या मानांकनाचा, म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला. मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर. तरी लाँग बीचचा गट मारला, पुढच्या फेरीत अ‍ॅरिझोना स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि अंतिम स्पर्धेसाठी ओमाहाला गेले. अंतिम फेरी जॉर्जियाशी, तीन सामन्यांची. पहिला ७-६ ने हरले. दुसऱ्यात ०-५ असे मागे होते, तो १९-१० ने जिंकला. तिसरा ६-१. त्या सहाच्या सहा धावा स्टीव्ह डेटवायलर नावाच्या एकाच पोराच्या बॅटमधून आल्या, दोन होमरनसकट. त्याच्या अंगठ्याचा लिगामेंट तुटलेला होता आणि तो तसाच खेळत होता. शेवटचा झेलही त्यानेच घेतला.

४७ विजय आणि ३१ पराभव. एवढे सामने हरून विजेता झालेला संघ त्याआधी नव्हता. विद्यापीठाच्या पुरुष संघांपैकी कुणाचंही ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. (मुलींनी सॉफ्टबॉलचं १९९८ मध्येच आणलं होतं, हे इथे आवर्जून नोंदवतो, नाहीतर बायको नोंदवेल.)

तर प्रश्न दोन. एक : संसदेने असले ठराव करत बसावं का? दोन, आणि हा गृहपाठाचा : प्रशिक्षक माइक बेटसोल यांच्याबद्दलच्या कलमात काय लिहावं? खेळाडूंचं सोपं आहे, आकडे असतात. प्रशिक्षकाने नक्की काय केलं हे कसं लिहायचं?

तिरपागडा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कलमबहाद्दर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : प्रतिनिधीगृहाने स्वतःच हे बरंचसं थांबवलंय. आधी असे ठराव ढिगाने यायचे. आपल्या मतदारसंघातलं कॉलेज जिंकलं की तिथला सदस्य ठराव मांडायचा, सगळे पक्ष हो म्हणायचे, दोन-चार भाषणं, संपलं. २०११ मध्ये बहुमत बदललं तेव्हा नव्या नेतृत्वाने ठरवलं की अभिनंदन, कौतुक, वर्धापनदिन असल्या ठरावांना सभागृहाचा वेळ द्यायचा नाही. सदस्य अजूनही मांडू शकतो, पण तो बहुतेक वेळा समितीकडे जाऊन पडतो. सिनेटमध्ये मात्र एकमताने, चर्चेविना असे ठराव आजही होतात.

भाषा ठरलेली. आधी ओळीने ‘ज्याअर्थी, ज्याअर्थी’, मग ‘त्याअर्थी हे सभागृह असा ठराव करते की’. शेवटी बऱ्याचदा एक वाक्य असतं की या ठरावाची प्रत विद्यापीठाच्या अध्यक्षांना आणि प्रशिक्षकांना पाठवावी. म्हणजे सगळा खटाटोप त्या फ्रेम करण्याजोग्या कागदासाठी. मला विचाराल तर तेवढं ठीक आहे. संसद याहून वाईट गोष्टींत वेळ घालवते.

तिरपागडा

ज्याअर्थी आमच्या सोसायटीच्या संघाने गणेशोत्सवातील अंडरआर्म क्रिकेटमध्ये बी विंगचा पराभव केला, आणि
ज्याअर्थी बी विंगच्या कप्तानाने चेंडू दुसऱ्या मजल्यावरील जोशीकाकूंच्या गॅलरीत गेल्याचे कारण देऊन सामना रद्द करण्याचा प्रयत्न केला, आणि
ज्याअर्थी सदर चेंडू काकूंनी अद्याप परत दिलेला नाही;
त्याअर्थी ही सर्वसाधारण सभा असा ठराव करते की संघास वडापाव देण्यात यावा, व खर्च सिंकिंग फंडातून टाकण्यात यावा.

मिरचीभजी

सिंकिंग फंडातून =)) =))

नाना_चष्मेवाले

मला यातलं कौतुकच कळत नाही. खेळाडूंचं करा, पोरं आहेत. प्रशिक्षकाला पगार मिळतो ना? अमेरिकेत तर कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो, राज्यपालापेक्षा जास्त. त्यावर वर संसदेचा ठराव कशाला? उद्या पोस्टमनने पत्र वेळेवर दिलं म्हणून ठराव करा.

बायूकाठी

नानासाहेब, फुटबॉलचा कोच आणि बेसबॉलचा कोच यांना एका तागडीत घालू नका. मी ह्यूस्टनला आहे, राइस विद्यापीठापासून दहा मिनिटांवर, तेव्हा या विषयावर जरा लांबण लावतो.

कॉलेज बेसबॉल हा गरीब नातेवाईक आहे. परवापरवापर्यंत अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या. हो, दशांश सात. त्या सत्तावीस पोरांत तुकडे करून वाटायच्या, कुणाला पाव, कुणाला निम्मी. बाकीची फी आईबाप भरणार. २०२५-२६ पासून ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी ३४ खेळाडूंची मर्यादा आली. आणि आणखी गंमत ऐका : २०२३ च्या जुलैपर्यंत मुख्य प्रशिक्षकाखाली दोनच पगारी साहाय्यक ठेवता यायचे. तिसरा ‘स्वयंसेवक’. काम तेच, तास तेच, पगार शून्य. उन्हाळी शिबिरं घेऊन पोट भरायचं. म्हणजे विजेत्यांचे सत्कार व्हायचे तेव्हा त्या फोटोत एक माणूस बिनपगारी उभा असायचा. नानांचा पोस्टमन निदान पगारी तरी असतो.

आता राइसचे वेन ग्रॅहम. हा माणूस मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, जेमतेम थोडे सामने खेळला, फिलाडेल्फिया आणि मग न्यूयॉर्क मेट्सकडून, १९६३-६४ मध्ये. मग ह्यूस्टनच्या शाळांत शिकवलं. मग सॅन जॅसिंटो या दोन वर्षांच्या कॉलेजात पाच राष्ट्रीय विजेतेपदं. पुढे नावाजलेले पिचर रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट तिथले त्यांचे विद्यार्थी. राइसने त्यांना १९९२ च्या मोसमासाठी घेतलं तेव्हा ते पंचावन्नचे होते. आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनचे कागद जमवायला लागतो. २००३ मध्ये राइसने अंतिम फेरीचा तिसरा सामना स्टॅनफर्डविरुद्ध १४-२ ने जिंकला, विद्यापीठाचं कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या वर्षी त्या संघाचे तीन पिचर, हम्बर, नीमन आणि टाउनसेंड, व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत पहिल्या आठात गेले. एकाच संघाचे तिघे! धागाकर्त्यांच्या पोराला सांगा, प्रशिक्षकाने काय केलं ते इथे दिसतं. जिंकणं एक दिवसाचं असतं, पण एकाच वर्गातून तिघे पहिल्या आठात येतात तेव्हा शिकवणी चांगली होती असं म्हणावं लागतं.

आणि शेवट? २०१८ मध्ये कराराचं नूतनीकरण झालं नाही. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. २०२४ मध्ये गेले.

क्लोव्हिसकर

@बायूकाठी, दंडवत. पण एक आठवण करून देतो. २००८ ला ओमाहात आमचा पहिला सामना कुणाशी होता? राइसशी. निकाल १७-५. :)

बायूकाठी

हे काढणार हे माहीत होतं. त्या दिवशी मी टीव्ही मध्येच बंद करून गाडी धुतली. पुढे बोला.

मिरचीभजी

मला बेसबॉल कळत नाही, पण ‘दशांश सात शिष्यवृत्ती’ वाचून आमच्या मेसची अर्धी पोळी आठवली.

जळगावची_पिचर

मी पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मी सॉफ्टबॉल खेळलेय, शाळेपासून कॉलेजपर्यंत. जळगावकडे या खेळाला बऱ्यापैकी खेळाडू मिळतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्हाला शिकवणारे सर पीटीचे शिक्षक. ग्लोव्ह अकरा, मुली सोळा. ग्लोव्हचा वास अजून नाकात आहे, घाम आणि खोबरेल तेल. सर दर शनिवारी ते ग्लोव्ह तेल लावून ओट्यावर वाळत घालायचे, पापड घालतात तसे, आणि कावळ्यांवर नजर ठेवायला आमच्यातल्या एकीला बसवायचे.

आम्ही एकदा राज्यपातळीवर जिंकलो. सत्कार झाला. त्याबद्दल सांगते, कारण धाग्याचा प्रश्न तोच आहे. कार्यक्रम साडेपाचचा, पाहुणे आले पावणेआठला. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. सन्मानचिन्हावर छापलं होतं ‘बास्केटबॉल’. सरांचं नाव पुकारलंच नाही. फोटोच्या वेळी पाहुण्यांच्या मागे त्यांचा फक्त अर्धा कान आलाय. आम्ही मुली रडवेल्या झालो होतो. सर म्हणाले, “नारळ कुणाकडे आहेत? द्या इकडे. सोळा नारळ म्हणजे चटणीची सोय झाली.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सराव होता, नेहमीसारखा.

पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला एका कार्यालयात गेले, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, “सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूचं क्रिकेट का?” पाच चकरा झाल्या. प्रत्येक वेळी सर बरोबर आले, स्वतःच्या रजा टाकून. त्यांच्याबद्दलचं कलम लिहायचं झालं तर मी हे लिहीन.

तिरपागडा

ताई, अर्धा कान वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

नाना_चष्मेवाले

पोस्टमनचं विधान मागे घेतो. पण पगारी कोचबद्दल मत कायम आहे.

ओमाहावासी

मी अकरा वर्षं ओमाहात आहे. इथे अंतिम स्पर्धा १९५० पासून जूनमध्ये होते. त्या दिवसांत गाव आपल्या एखाद्या यात्रेसारखं होतं. कार पार्किंगचे भाव वाढतात, अंगणात भाड्याने गाड्या लावून देणारे लोक आहेत, लिंबूसरबताच्या टेबलावर शाळकरी पोरं. २००८ चा सामना झाला ते रोझनब्लॅट स्टेडियम आता नाही. २०१० ची स्पर्धा तिथली शेवटची. ते पाडलं आणि जागा शेजारच्या प्राणिसंग्रहालयाने पार्किंगला घेतली, पण होमप्लेटच्या आसपासचा छोटा भाग आठवण म्हणून राखलाय. मी मुलीला घेऊन गेलो होतो. गाड्यांच्या रांगांमध्ये एकदम एक तुकडा मैदान. ती म्हणाली, “बाबा, हे विसरले का काढायला?”

जिंकल्यावर सगळे खेळाडू पिचरच्या उंचवट्यावर एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, तेव्हा मला कायम कोसळलेली दहीहंडी आठवते. फरक एवढाच की इथे हंडी फोडून मग कोसळायचं असतं.

अवांतर : २०१६ ला कोस्टल कॅरोलायना जिंकलं तेव्हा मी स्टेडियमात होतो. दक्षिण कॅरोलायनातलं कॉनवे नावाचं गाव, समुद्रकाठच्या मर्टल बीचजवळ. त्यांचं चिन्ह कोंबडा आहे, आणि तोही साधासुधा नाही. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला चँटिक्लीअर! प्रशिक्षक गॅरी गिलमोर हे तिथलेच माजी विद्यार्थी, विसाहून जास्त वर्षं तोच संघ सांभाळत होते. शेवटच्या डावात अ‍ॅरिझोनाचे दोन खेळाडू बेसवर, कोस्टलकडे ४-३ ची आघाडी, आणि त्यांच्या पिचर कनिंगहॅमने शेवटचा बॅटर स्ट्राइकआउट केला. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, कोंबड्याची टोपी घालून. ते उठलेच नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले.

मिरचीभजी

चँटिक्लीअर म्हणजे गर्वाने डोळे मिटून आरवतो आणि कोल्ह्याच्या तोंडी सापडतो तोच ना? संघाचं नाव ठेवायला धाडस लागतं.

ओमाहावासी

तोच. पण शेवटी कोल्ह्यालाच बोलायला लावून सुटतो, हे विसरू नका.

नाना_चष्मेवाले

धागा चॉसरवर गेला. आता कुणीतरी पंचतंत्र काढेल.

कलमबहाद्दर

पंचतंत्र नको, कराड घ्या. १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा संसदेने काय ठराव केला माहीत नाही, पण लोकांनी शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक काढली. आणि ते जाऊ शकले कसे? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्यांनी! कॉलेज खेळाडूसाठी काय करू शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. बैलगाड्या वेळेवर पोचल्या, सरकार नाही.

बायूकाठी

+१. खर्डेकरांचं उदाहरण नानांनी दोनदा वाचावं. तेही पगारीच होते.

नाना_चष्मेवाले

वाचलं. पगारातून घर गहाण ठेवणं हे कामाच्या यादीत नसतं, मान्य. आता माझ्या मागे लागू नका, दूध उतू जातंय.

क्लोव्हिसकर

सगळ्यांचे आभार. काल मुलाला घेऊन फ्रेस्नो स्टेटच्या मैदानावर गेलो होतो. इतकी वर्षं तिथून जातो, पण नाव कधी नीट वाचलं नव्हतं. मैदान ‘पीट बायडन फील्ड’, आणि ते ज्या स्टेडियमात आहे ते ‘बॉब बेनेट स्टेडियम’. (बायडन म्हणजे ते माजी राष्ट्राध्यक्ष नव्हेत, स्पेलिंगही वेगळं.) दोघेही इथले प्रशिक्षक. आधी बायडन, नंतर तीन दशकांहून जास्त काळ बेनेट. बेनेटांच्या जागी २००३ च्या मोसमात बेटसोल आले, म्हणजे आदल्या दोन गुरुजींच्या नावांमध्ये उभं राहून त्यांनी वीस मोसम काम केलं. २०२२ ला निवृत्त झाले. मधल्या काळात एरन जज नावाचा उंच मुलगा इथेच शिकून गेला, तो आता मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीजचा कप्तान आहे.

मुलगा म्हणाला, “दोघांपैकी कुणी ही स्पर्धा जिंकली होती का?” म्हटलं नाही. तो म्हणाला, “मग नाव का दिलं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिथे सराव चालू होता. एक साहाय्यक प्रशिक्षक बादलीतून एकेक चेंडू काढून जमिनीलगत मारत होता आणि एक मुलगा तो उचलून पहिल्या बेसकडे फेकत होता. आम्ही बघत होतो तेवढ्यात बादली रिकामी झाली, दोघांनी मिळून चेंडू गोळा केले आणि परत पहिल्यापासून. ऊन ३८ अंशांचं. मुलगा म्हणाला, चल, कळलं.

घरी येऊन त्याने लिहिलेलं कलम असं (मराठी माझं) :

‘ज्याअर्थी प्रशिक्षक माइक बेटसोल यांचा संघ त्या वर्षी ३१ वेळा हरला, आणि ज्याअर्थी ३१ वेळा हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला कुणालातरी सगळ्यांच्या आधी यावं लागतं;’

बाईंनी शेरा दिलाय : कलम अपूर्ण आहे, पण राहू दे.

तिरपागडा

पोराला माझ्यातर्फे वडापाव. सिंकिंग फंडातून.

कलमबहाद्दर

मसुदा मंजूर. आवाजी मतदानाने.

जळगावची_पिचर

हे वाचून राहवलं नाही, आज सकाळी सरांना फोन लावला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी अख्खा धागा ओरडून वाचून दाखवला, शेजारची खाली येऊन विचारून गेली काय झालं म्हणून. कोच, ठराव, ग्रॅहम, खर्डेकर, सगळं ऐकून घेतलं. स्वतःबद्दलच्या परिच्छेदावर म्हणाले, “अकरा नाही, बारा ग्लोव्ह होते, एक डावखुऱ्यांचा.” मग बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग विचारलं, “तो अंगठा तुटलेला पोरगा. अंगठा कुठल्या हाताचा?”

@क्लोव्हिसकर, सांगाल का? ते फोनजवळ बसून आहेत.

क्लोव्हिसकर

डावा. ग्लोव्हचा हात.

जळगावची_पिचर

सांगितलं. म्हणाले, “मग तो शेवटचा कॅच लागला असणार त्याला.”